पाळी चुकली, आता शिफ्टचं काय? नाशिकच्या कंपन्यांत नव्याने लागलेल्यांसाठी

अंबडमधल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी सात-आठ वर्षं काढली. खिडकीच्या आत बसलं की कळतं, कुणाची सुटी सरळ मंजूर होते आणि कुणाची अडते. ओळखपाळख, साहेबांचा मूड हे सगळं असतंच. पण बायकांचं काम बहुतेकदा अडतं ते कागद नसल्यामुळे, किंवा कागद असला तरी त्यावर तारीख नसल्यामुळे.

माझं स्वतःचंही तसंच झालं होतं. टाइम ऑफिसात येण्याआधी मी लाइनवर होते. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात सुपरवायझरना सांगितलं. माणूस भला होता. म्हणाले, "नाईट लावणार नाही, तू बिनधास्त राहा." दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांच्या तक्त्यात माझं टोकन, म्हणजे माझा कामगार क्रमांक, थेट तिसऱ्या पाळीला. आधीच्या साहेबांना सांगितलंय म्हटलं, तर ते शांतपणे म्हणाले, "ते ठीक आहे, पण लिहिलंय कुठे?" लिहिलेलं काहीच नव्हतं. सहा रात्री भरल्या, मग डॉक्टरांची चिठ्ठी आणली. तीच चिठ्ठी आधी आणली असती तर एकही रात्र भरावी लागली नसती.

म्हणून हा लेख. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी, जिथे कुठे तुम्ही नव्याने लागला असाल, तिथे साधारण याच क्रमाने चला.

आधी बघा, तुमचे पैसे कोण देणार

पगारपावती काढा आणि कपातीच्या रकान्यात ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, दिसतंय का ते बघा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कंपनीला ईएसआय लागू असेल, तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि कंपनी ३.२५ टक्के भरते. अशा वेळी सुटी कंपनी देते, पण सुटीतले पैसे ईएसआय देतं. पगार त्याहून जास्त असेल तर पैसेही कंपनीनेच द्यायचे. अर्धवर्षाच्या मध्येच पगार वाढून २१,००० च्या पुढे गेला, तरी ते अर्धवर्ष संपेपर्यंत ईएसआय चालू राहतं. ही अर्धवर्षं म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च.

दोन्हीकडे दिवसांची अट आहे, पण ती वेगवेगळी, आणि नव्या मुलींची गल्लत इथेच होते. कंपनीकडून पैसे घ्यायचे असतील तर बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. ते सलग असायची गरज नाही. भरपगारी सुट्या आणि ले-ऑफचे, म्हणजे काम नाही म्हणून कंपनीने घरी बसवलेले दिवसही त्यात धरतात. ईएसआयकडून घ्यायचे असतील तर आधीच्या दोन अर्धवर्षांत मिळून ७० दिवसांची वर्गणी जमा असायला हवी. 'आधीच्या' हा शब्द नीट वाचा. चालू अर्धवर्षात भरलेले दिवस त्यात येत नाहीत. लागून तीन-चार महिनेच झाले असतील तर विमा क्रमांक घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा आणि दिवस मोजून घ्या. लाइनवरच्या मैत्रिणीला मिळाले म्हणून आपल्यालाही मिळतील, असं धरून चालू नका.

ठेकेदाराकडून लागलेल्यांनी दर महिन्याला फोनवर ईएसआयची वर्गणी तपासावी. पावतीवर कपात दिसते, पण खात्यात भरणा नसतो, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. सहा महिन्यांनी 'ब्रेक' देऊन नवं टोकन देण्याची रीत तर सगळ्यांनाच माहीत आहे. मालक तोच असेल तर ब्रेकमुळे ८० दिवसांचं गणित पुन्हा शून्यावर येत नाही, कारण कायदा एकूण दिवस विचारतो. जुने गेटपास आणि बँकेचं स्टेटमेंट मात्र जपून ठेवा. रोजंदारीवर आहे म्हणून मिळत नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या बायकांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच निकाल दिलाय.

आणखी एक. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. एचआरमधलं (मनुष्यबळ विभागातलं) कुणी "तो कायदा आता रद्द झाला" म्हणालं तर हसू नका, वादही घालू नका. "मग संहितेप्रमाणे द्या" एवढंच म्हणा. २६ आठवडे तिथेही २६ च आहेत.

तारखा मोजा

सोनोग्राफी झाली की डॉक्टरांकडून अपेक्षित तारीख लिहून घ्या आणि घरी कॅलेंडर घेऊन बसा. समजा तारीख आहे २० मार्च २०२७.

बाळंतपणाची सुटी त्या तारखेच्या जास्तीत जास्त ८ आठवडे आधी सुरू करता येते, म्हणजे २३ जानेवारीला. तेव्हापासून २६ आठवडे मोजले की सुटी २३ जुलैला संपते. आधी कमी घेतली तर नंतर जास्त उरते, ते तुमच्या हातात आहे. हे पहिल्या दोन मुलांसाठी. दोन मुलं आधीच असतील तर सुटी १२ आठवड्यांची, त्यातले आधीचे ६.

आता ज्या भागाबद्दल कुणी बोलत नाही, तो. तारखेच्या ६ आठवडे आधीचा दिवस येतो ६ फेब्रुवारी. त्याच्याही आधीचा एक महिना, म्हणजे ६ जानेवारीपासून, तुम्ही मागणी केलीत तर कंपनी तुम्हाला जड काम, बराच वेळ उभं राहण्याचं काम किंवा पोटातल्या बाळाला धोका होईल असं काम देऊ शकत नाही. पुढच्या ६ आठवड्यांत सुटी न घेता कामावर आलात तर तेव्हाही हाच नियम. काम हलकं केलं म्हणून पगार कापता येत नाही. हे आपोआप मात्र होत नाही, मागावं लागतं. आठव्या महिन्यातल्या बाईला पॅकिंगच्या टेबलाशी आठ तास उभं ठेवलेलं मी पाहिलंय, आणि तिला विचारलं तर म्हणाली, "मागायचं असतं हेच माहीत नव्हतं."

बाळंतपणानंतरचे ६ आठवडे तर तुम्ही स्वतः येते म्हणालात तरी कंपनीला तुम्हाला कामावर घेता येत नाही.

शिफ्टचा अर्ज

इथे कायदा काय देतो आणि काय देत नाही, ते सरळच सांगते. गरोदर बाईला पहिल्या दिवसापासून नाईट लावायचीच नाही, असा सरसकट नियम नाही. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत: संमती आणि डॉक्टरांची चिठ्ठी.

संमतीचं असं आहे, की कारखान्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. दुकानं, मॉल, कॉल सेंटर यांना लागू असलेल्या २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात ही वेळ रात्री साडेनऊ ते सकाळी सात आहे आणि घरापर्यंत गाडी देणं हे मालकाचं काम आहे. म्हणजे नुसती थर्ड शिफ्टच नव्हे, कारखान्यातली सेकंड शिफ्टही यात येते, कारण ती सातच्या पुढे जाते. हे बऱ्याच सुपरवायझरांनाही ठाऊक नसतं.

लागताना ज्या गठ्ठ्यावर आपण सह्या केल्या, त्यात हे संमतिपत्र असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून अर्जात संमती मागे घेतल्याचं स्पष्ट लिहा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत एक फसगत आहे. डॉक्टर सवयीने लिहितात, 'विश्रांतीचा सल्ला'. एचआर त्याचा अर्थ लावतं, बाई कामाला अयोग्य, मग घरी बसवा, बिनपगारी. त्यामुळे डॉक्टरांना सांगायचं, "कामावर जायचंय मॅडम, फक्त काय टाळायचं ते लिहा." चिठ्ठीत असं असावं: कामास योग्य, रात्रपाळी, सलग उभं राहणं आणि जड वजन उचलणं टाळावं. पेंट शॉप, प्लेटिंग, थिनर, सोल्डरिंगचा धूर यांपैकी काही तुमच्या जागी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तुम्ही 'कंपनीत' काम करता एवढंच त्यांना माहीत असतं. त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्ची आणि टेबल येतं.

अर्ज साधा असू दे. मी टाइम ऑफिसात पाहिलेला सगळ्यात चांगला अर्ज एवढासाच होता:

"प्रति, व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग. विषय: गरोदरपणात पाळी व कामाची जागा बदलून मिळण्याबाबत. मी, टोकन क्रमांक अमुक, असेंब्ली विभागात काम करते. मी गरोदर असून बाळंतपणाची अपेक्षित तारीख २० मार्च २०२७ आहे. रात्रपाळी व सायंकाळी ७ नंतरच्या कामासाठी पूर्वी दिलेली संमती मी आजपासून मागे घेत आहे. मला पहिल्या किंवा जनरल पाळीत, बसून करण्याचं काम द्यावं. दि. ६ जानेवारीपासून उभं राहण्याचं व जड काम देऊ नये, ही विनंती. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे."

दोन प्रती काढा. एकीवर आवक शिक्का, सही आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज फोटो काढून कंपनीच्या ईमेलवर पाठवा, नाहीतर पोस्टातून पोचपावतीसह पाठवा. सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेजही अगदीच टाकाऊ नाही, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

साहेब म्हणतील, "तुला फर्स्ट दिली तर बाकीच्या मागतील." मागू देत. तुमच्या अर्जाला चिठ्ठी जोडलेली आहे.

पहिली पाळी मिळाली की सगळं सुटलं असंही नाही. सातच्या पाळीसाठी पहाटे पाचला उठायचं, डबा करायचा आणि रिकाम्या पोटी कंपनीच्या बसमध्ये बसायचं. गरवारे पॉइंटपर्यंत पोचेस्तोवर निम्म्या जणींना मळमळतं. पहिल्या तीन महिन्यांत जनरल पाळी मिळत असेल तर मी तीच मागायला सांगेन. बसमध्ये मागच्या चाकावरची सीट सोडा आणि पुढे बसा, यासाठी कुणाच्या सहीची गरज नाही.

माहेर, डोहाळजेवण आणि आठ आठवडे

आपल्याकडे सातवा लागला की डोहाळजेवण आणि मागोमाग माहेर. पहिलं बाळंतपण तर माहेरीच. पण बाळंतपणाच्या सुटीचे ८ आठवडे सुरू होतात आठवा महिना लागल्यावर. सातव्यात साक्री किंवा चाळीसगावला निघून गेलात तर मधल्या दिवसांची गैरहजेरी लागते. त्यासाठी पीएल, म्हणजे हक्काची भरपगारी रजा, साठवून ठेवा. तब्येतीमुळे जावं लागत असेल तर गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंत वेगळी भरपगारी सुटी मिळते, डॉक्टरांच्या दाखल्यावर. सासूबाईंना आणि आईला ही तारीख आधीच सांगून टाका. डोहाळजेवण आठव्यात केलं म्हणून काही बिघडत नाही.

ईएसआयवाल्यांसाठी सातपूरला राज्य कामगार विमा रुग्णालय आहे. नाव तिथे लवकर नोंदवा, माहेरी जाणार असाल तरीही, कारण अपेक्षित तारखेचा दाखला पुढे लागतो. जिथे ईएसआयची सोय नाही अशा ठिकाणी बाळंतपण झालं तर खर्चापोटी ७,५०० रुपये मिळतात, दोन बाळंतपणांपर्यंत. माहेरच्या दवाखान्यातून डिस्चार्ज कार्ड घेतल्याशिवाय निघू नका. ते आणायला नंतर भावाला पिटाळावं लागतं.

पैशाचा हिशोब

कंपनीला सुटीची लेखी सूचना द्या: कोणत्या तारखेपासून जाणार, पैसे कुणाच्या नावे द्यायचे आणि सुटीत दुसरीकडे काम करणार नाही. बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे कंपनीने आगाऊ द्यायचे आणि उरलेले, बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. ४८ तासांत देणारी कंपनी मी क्वचितच पाहिली, पण आकडा माहीत असला की पाठपुरावा करायला जोर येतो.

दर काढतात तो सुटीआधीच्या तीन महिन्यांत मिळालेल्या मजुरीच्या सरासरीवरून. दर कळला की गुणाकार स्वतः करा. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, रविवार धरून. रोज ६०० रुपये असतील तर १,०९,२०० रुपये होतात. ठेकेदार रविवार वगळून १५६ दिवस लावतो आणि ९३,६०० हातावर ठेवतो. फरक १५,६०० चा. रविवारही मोजायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच स्पष्ट केलेलं आहे. कंपनी बाळंतपणाआधीची आणि नंतरची मोफत तपासणी देत नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा मागा.

गर्भपात झाला तर दाखल्यावर ६ आठवड्यांची भरपगारी सुटी आहे. तो दाखला बंद पाकिटात एचआरकडे द्या. लाइनवर कुणाला काही सांगायची गरज नाही.

द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये जाणाऱ्यांचं थोडं निराळं आहे. पिंपळगाव, दिंडोरीकडे जानेवारी ते एप्रिल हंगामात सलग काम केलं तर ८० दिवस भरू शकतात, फक्त हजेरी कागदावर लागायला हवी. टोळीच्या मुकादमाच्या वहीत तुमचं नाव 'बाई ४' असं असेल तर ते आजच नीट लिहून घ्या. बागेत छाटणी-विरळणीला जाणाऱ्यांना हा कायदा पोचत नाही. त्यांनी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे मातृवंदना योजनेचा अर्ज भरावा: पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाल्यास ६,०००.

काढून टाकलं तर

गरोदर आहे म्हणून किंवा या सुटीवर आहे म्हणून कामावरून काढता येत नाही, की तोट्याच्या अटीही लावता येत नाहीत. खरी काढण्याची रीत मात्र वेगळी असते. कुणी 'काढलं' म्हणत नाही. गेटवर पंच लागत नाही, किंवा राजीनाम्यावर सही मागतात, "परत आल्यावर घेऊ." ती सही करू नका. पंच लागला नाही तर गेटवरूनच कंपनीला मेसेज करा: आज अमुक तारखेला, अमुक वाजता कामावर आले, आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, पुन्हा मेसेज करा.

काढल्याचं पत्र मिळालं तर ६० दिवसांच्या आत अपील करायचं, हा आकडा लक्षात ठेवा. तक्रार कामगार उपायुक्त कार्यालयात करायची. कामाची जागाच धोक्याची असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही. वकिलाच्या फीची चिंता असेल तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय विचारा. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. कॉन्ट्रॅक्ट सुटीच्या मधेच संपत असेल तर २०२३ चा कविता यादव यांच्या प्रकरणातला निकाल सांगा. पात्रता आधी पूर्ण झालेली असेल तर लाभ कॉन्ट्रॅक्टच्या मुदतीपुढेही द्यावा लागतो, असं त्यात म्हटलं आहे.

परत आल्यावर

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन दूधसुट्या मिळतात, जेवणाच्या सुटीव्यतिरिक्त, पगार न कापता. ५० किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोय करणं कंपनीवर बंधनकारक आहे आणि दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. बऱ्याच ठिकाणी पाळणाघर म्हणजे कुलूप लावलेली खोली आणि आत जुनी फाइलची कपाटं. आमच्याकडे ती उघडली ती तीन जणींनी एकाच दिवशी अर्ज दिला तेव्हा. एकटीच्या अर्जावर सहा महिने कुणी किल्ली शोधली नव्हती.

कंपनीपासून घर जवळ असेल, चुंचाळे किंवा सिडकोत, तर दूधसुटीची वेळ ठरवून आजी बाळाला गेटवर घेऊन येऊ शकते. गेटवरच्या वॉचमनला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ती उन्हात उभी राहते. दूधसुटीच्या अर्जातही तारीख घाला: बाळाला १५ महिने पूर्ण होण्याची. वर दिलेल्या उदाहरणात ती येते २० जून २०२८.